निम्म्या माळावर काय उरतं

आबा, आज आण्याच्या पठारावर गेले होते. वारूळवाडीहून सकाळच्या पहिल्या एसटीनं, कॉलेजातल्या चार मुली बरोबर घेऊन. आपल्या गावच्या गायरानाचा जो तुकडा उरलाय त्यावर दोरीचे चौकोन टाकले, दिवसभर गुडघ्यांवर बसून गवतं तपासली, आणि खर्पुडीची वेल कुठंच सापडली नाही. मुलींना त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी ती कधी पाहिलेलीच नाही. मला मात्र घरी येऊन जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहितेय. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झालीत, तरी.

माझ्या एम.एस्सी.च्या वर्षीचा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. मेंढरं पलीकडच्या उतारावर सोडून तुम्ही माझ्यासाठी दोरीचं टोक धरून उभे राहायचात. मी पहिल्या चौकोनाकडे नुसती नजर टाकली आणि म्हणाले, "इथं काही नाही आबा, पुढं जाऊ." तुम्ही दोरी खाली टाकलीत. "उभ्यानं माळ दिसत न्हाई. बस खाली. मेंढरू मान खाली घालून चालतं, म्हून त्येला कळतं कुठं काय हाय ते." एवढ्या चढ्या आवाजात तुम्ही लेकीशी क्वचितच बोललात. मी बसले. मारवेल, पवना, शेडा, कुसळी, आणि मला नावं माहीत नसलेली तीन. सात जाती निघाल्या. मग चौकोन दुप्पट केला. मला वाटलं आता चौदा मिळणार, पण मिळाल्या दहाच. पुन्हा दुप्पट केला तर बारा. माझं काहीतरी चुकतंय म्हणून मी रडकुंडीला आले, तर तुम्ही हसायला लागलात. "अगं, जी लई असत्यात ती सगळीकडं असत्यात. ती पयल्यांदाच घावली तुला. येगळं काय पायजे आसल तर लांब जावं लागतं. एखादं बोराटीच्या आडोशाला असतं, एखादं खडकाच्या भेगंत." जागा वाढते तशा जाती वाढतात, पण जागेच्या वेगानं वाढत नाहीत. पुस्तकात यासाठी एक वाकत जाणारी रेघ काढलेली होती. तुम्ही ती न बघताच सांगितलीत.

त्याच दुपारी तुम्ही काठीच्या टोकानं माती उकरून खर्पुडीचा एक कंद काढलात, नखानं सोलून धोतराला पुसलात आणि माझ्या हातावर ठेवलात. शेजारच्या वेलीला कंदिलासारखं इवलंसं फूल आलेलं होतं. मी तिच्याही मुळाशी हात घातला तर म्हणालात, "ती ऱ्हाऊ दे. बी धरू दे तिला."

पुढं मी कॉलेजात शिकवायला लागले, आणि चार-पाच वर्षांनी गायरानाची सभा झाली. निम्मा माळ सोलरच्या पट्ट्यांसाठी कुंपणात जायचा होता. गावाला दिव्याची सोय होणार होती, पोरांना काम मिळणार होतं. सरपंच काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला उभं केलं. "ताई, तुमी आपल्या गावच्या लेक. सांगा, निम्मी जागा गेली तर झाडपाला किती जाईल?" मी रेघेच्या भरवशावर म्हणाले, जागा निम्मी झाली म्हणजे जाती निम्म्या होत नाहीत, बहुतेक सगळ्या उरतात. हे खरं होतं. पण तुकडा छोटा आणि एकटा पडला की आतल्या जाती पुढं वर्षानुवर्षं एकेक करून कमी होत राहतात, हेही तितकंच खरं होतं, आणि ते मी बोलले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या काही जात नाही, असं जो तो सांगू लागला.

सभेनंतर एसटीच्या थांब्यापर्यंत तुम्ही माझ्याबरोबर चालत आलात. मग विचारलंत, "भौतेक उरत्यात म्हनलीस. मग जी जायाची ती कंची?"

"ते असं सांगता येत नाही, आबा. त्यात फक्त आकडा कळतो."

"मला येतंय की सांगाया," तुम्ही म्हणालात, आणि सांगू लागलात. कोणती वेल सावलीखालीच उगवते, कोणत्या गवताला मेंढरांचे पाय लागल्याशिवाय बी रुजत नाही, कोणतं पाखरू मोकळ्या माळाशिवाय अंडी घालत नाही. समोर गाडी दिसत होती. मी हं हं करत होते. वही पिशवीतच होती.

कुंपण झालं. उरलेल्या तुकड्यात एवढी मेंढरं मावेनात, तुम्ही ती दोन खेपांत विकलीत. त्यानंतर तुम्ही सकाळी उठून ओट्यावर बसायचात आणि दुपारपर्यंत तिथंच असायचात. दुखणं कसलं ते डॉक्टरांना नीट सापडलं नाही. पुढच्या होळीला तुम्ही नव्हतात.

पहिली दोन वर्षं मी तुकडा तपासला तेव्हा जवळपास सगळं जागच्या जागी होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या वर्षापासून एकेक नाव गळायला लागलं. कोणी उपटलं नाही की जाळलं नाही. एखादी वेल वठली तर बी यायला शेजारी दुसरी उरलेली नाही, एवढंच. आता तुकड्याच्या कडेनं रस्ता काढायचा म्हणतात, परवा सभा आहे, आणि मला पुन्हा बोलावलंय. या वेळी रेघेचं, तेव्हा न बोललेलं, दुसरं अंगही सांगणार आहे. उशीर झालाय हे मला कळतं.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. त्या सभेत, मी बोलून खाली बसल्यावर, मागच्या रांगेत तुम्ही खांद्यावरची घोंगडी सावरून उठत होतात. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या शेजारी तालुक्याचे साहेब बसलेले होते, आणि माझा बाप त्यांच्यापुढं काय बोलेल, कसं बोलेल, याची मला लाज वाटली. मी तुमच्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली. तुम्ही बसलात.