उलटं पाणी

१२ तारीख, दुपार

चि. धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असालच. आम्हीही मजेत, असं लिहितात म्हणून लिहिलं. परवा माझं ऑपरेशन आहे. तुझी वहिनी फोन करणार होती, मीच नको म्हणालो. फोनवर तू 'हं, हं' करून ठेवून देतेस आणि मलाही बोलणं सुधरत नाही.

डाव्या कुशीत दुखायचं, थंडी वाजून ताप यायचा, हे वर्षभर अंगावर काढलं. आता कळलं, माझी लघवी मूत्राशयातून उलटी वर, मूत्रपिंडाकडे जाते. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. वरून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी जायला हवी, म्हणजे मूत्राशय भरलं की ती आपोआप दाबली जाते. माझी सरळच घुसलीय. ती सोडवून पुन्हा तिरकी बसवणार. मी म्हटलं, बाई, तीस वर्षं लोकांच्या घरचे नळ जोडतोय, असा जोड दिसला असता तर मीही उखडलाच असता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

सकाळपासून एका जागी बसवत नाही. बाथरूमचा नळ तीनदा घट्ट केला. तो गळतही नव्हता.

बाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला लहानपणी सारखा ताप यायचा का? भावंडांत हे असू शकतं. मी पटकन 'नाही' म्हणालो. आपल्या घरात तुझ्या तापाला ताप म्हणतच नव्हते ना, सोंग म्हणायचे.

ते सोंग मी तुला चिकटवलं. त्या दिवशी बाबा मला सायकल घेऊन देणार होते आणि नेमकी तू फणफणलीस. ते तुला दवाखान्यात न्यायला निघाले, तेव्हा मी सांगितलं, हिने थर्मामीटर चहात बुडवला. मी काही पाहिलं नव्हतं. पुढे ताप आला तरी तू सांगेनाशी झालीस, पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मला सायकल मिळाली. फार लाज वाटते गं.

वहिनी सांगत होती, तुझे पाय सुजतात, बीपीची गोळी सुरू झालीय. ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

काल परत जाऊन बाईंना सांगितलं, माझ्या बहिणीला ताप यायचा, आता पाय सुजतात. त्या म्हणाल्या, तिच्याही मूत्रपिंडांना इजा झाली असू शकते; लघवी, रक्त, सोनोग्राफी, सगळं लगेच करून घ्यायला सांगा. तेव्हा मला बघायला येऊ नकोस, आधी तिकडच्या डॉक्टरांकडे जा. कधीपासून विचारलं तर सातव्या वर्षापासून म्हण. आणि तेव्हा कुणाला खरं का वाटलं नाही, तेही सांग. माझं नाव घेऊन सांग.

तुझ्याबद्दल खोटं बोललेला,
दादा