बुडालेल्या मॅग्नसचं नवं गाणं

पोर्टकॉर्बी,
मार्चातला शेवटचा रविवार

प्रिय डेव्ही,

वडील भावाचे उदंड आशीर्वाद. तुझा गुडघा, हेझेलचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या तीन पायांच्या कुत्र्याची तब्येत कशी आहे ते सवडीने कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. इसोबेलची कंबर वारा उत्तरेचा असला की धरते आणि दक्षिणेचा असला की तिची जीभ सुटते, म्हणजे घरात शांतता अशी नाहीच. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. गेले तीन आठवडे मी मेलेलो होतो. (काळजीचं कारण नाही, नेहमीसारखाच. पण या खेपेला भलतीच धावपळ झाली, आणि काय काय झालं ते सांगितल्याशिवाय मला आता झोप यायची नाही.)

हेझेलच्या नाताळच्या पत्रावरून कळलं की माझ्या बुडण्याची हकीकत तू तिकडे डनीडनमध्ये तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतोस आणि एकीत तर तू स्वतः पोहत येऊन मला वाचवतोस. तेव्हा तू ॲबर्डीनला सुतारकाम शिकत होतास हे विसरू नकोस. म्हणून एकदा सरळ लिहून ठेवतो. मी एकोणीस वर्षांचा. खेकड्यांचे पिंजरे उचलायला बाबांची छोटी होडी घेऊन निघालो, इंजिन बंद पडलं, धुकं उतरलं आणि दोन वल्ह्यांपैकी एक बाबांनी शेजाऱ्याला वापरायला दिलेलं. (एका वल्ह्याने माणूस कुठेही जात नाही, जागच्या जागी गोल फिरतो.) दुसऱ्या दिवशी एका डॅनिश बोटीने मला उचललं. त्यांचा रेडिओ बिघडलेला होता, पण लोणच्यातले हेरिंग मासे भरपूर होते, आणि ते मी इतके खाल्ले की आजही बरणी पाहिली की पोटात ढवळतं. त्यांनी मला पीटरहेडला उतरवलं आणि तिथून मी घरी आलो.

आता याच दोन दिवसांत गावात आर्ची टुलॉक येऊन राहिला होता. बारीक अंगाचा, दाढीवाला, एडिंबराहून गिटार घेऊन आलेला. ते दिवसच तसले होते. शहरातल्या पोरांना म्हाताऱ्या बायकांच्या गाण्यांचं वेड लागलं होतं. गावोगाव फिरायचं, गाणी गोळा करायची आणि शहरातल्या तळघरांत बसून डोळे मिटून म्हणायची. तो बेला मावशीकडे उतरला होता. रडणाऱ्या बायकांमध्ये रात्रभर बसला, माझ्यावर गाणं रचलं आणि सकाळच्या बसने निघून गेला. दुपारच्या बसने मी आलो. त्या दोन बसेस वाटेत एकमेकींना भेटल्याही असतील. वर्षाच्या आत गाण्याची रेकॉर्ड निघाली. बाबांनी आर्चीला कळवलं की मुलगा सुखरूप आहे. आर्चीचं मोठं प्रेमळ उत्तर आलं, की ऐकून डोळ्यांत पाणी आलं, मॅग्नसला माझ्यातर्फे मिठी मारा, पण गाणं चौथ्या कडव्यात पुरं झालंय आणि परत येण्याचं कडवं त्या चालीत काही केल्या बसत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहेच. त्याच्या चाहत्यांनी व्हॅनमधून कोरीव दगड आणून खडकावर बसवला, लोक बघायला येऊ लागले, आणि विल्मा फर्करच्या आईने समोर चहाचं दुकान काढलं. तेव्हापासून गावचा नियम झाला, की पाहुण्यांसमोर मी मॅग्नस नाही, त्याचा मागे राहिलेला धाकटा भाऊ डेव्ही. म्हणजे तू. (तुझं नाव मी आजवर नीट सांभाळलंय, फक्त एकदा चर्चच्या जत्रेत जरा जास्त झाली होती, ते सोड.)

तर आता बातमी. आर्ची गेल्या वर्षी वारला. देव त्याला शांती देवो, नव्वदी गाठून गेला. त्याच्या स्मरणार्थ एक अल्बम निघतोय. हल्लीच्या गाणाऱ्या पोरापोरींनी त्याचं एकेक गाणं घ्यायचं आणि आपापल्या तऱ्हेने म्हणायचं. ग्लासगोच्या चार पोरांनी मासे साफ करणाऱ्या बायकांचं गाणं घेतलंय, ते ओरडून म्हणतात. एक बाई सगळं हार्पवर वाजवते. आणि आपलं गाणं, म्हणजे माझं गाणं, रोना नावाच्या मुलीच्या वाट्याला आलं. नुसतं रोना. जाहिरातीत आडनाव लावत नाही, राजघराण्यातले लावत नाहीत तसं. ती गाव बघायला, इथले आवाज टिपायला आणि दिवंगताच्या भावाला भेटायला येणार असा विल्माला फोन आला, दुकान आता तीच चालवते ना. अल्बम निघेल तेव्हा पहिला जलसा आपल्या गावच्या हॉलमध्ये करायचा असंही त्यांचं ठरत होतं. हॉलचं छप्पर कसं गळतं ते तुला माहीत आहे, तेव्हा विल्मा माझ्याकडे पळतच आली. मला म्हणाली, चेहरा पाडून ठेव आणि तोंड जमेल तितकं बंद ठेव. पहिलं मला जमलं.

रोना आली ती पाठीवर एक यंत्र घेऊन. आवाज त्यात घालायचा, की ते तो परत परत म्हणत राहतं, आणि त्यावर ती दुसरा आवाज चढवते. तिने आपल्या फाटकाची करकर घेतली, किटलीची शिट्टी घेतली, इसोबेलच्या विणायच्या सुयांची टकटक घेतली. मी खुर्चीतून उठलो तर माझ्या गुडघ्याचा आवाजही तिला आवडला, तो तिने मला चारदा उठायला लावून घेतला. डेव्ही, मी आयुष्यात इतका महत्त्वाचा कधीच नव्हतो. मग स्मोक्ड हॅडॉक माशाचं सूप पिताना ती मला भावाबद्दल विचारू लागली. आता तूच सांग, अशी संधी कुणाला मिळते? मी सांगत सुटलो. मॅग्नस किती मनमिळाऊ, किती धाडसी, आवाज कसा खणखणीत, म्हातारी माणसं दिसली की त्यांच्या पिशव्या कसा उचलायचा. इसोबेल विणकाम न थांबवता म्हणाली, "इतका गुणी होता, तर मी त्याच्याशीच लग्न नसतं का केलं?" रोनाने हळहळून तिच्या हातावर हात ठेवला. (इसोबेलचा या गाण्यावरचा राग जुना आहे. गाण्यात सोनेरी केसांची मेरी खडकावर उभी राहून जन्मभर वाट बघते. इसोबेलचे केस काळे, आणि त्या रात्री ती बकी गावी नाचायला गेली होती. दुःख विसरायला, असं ती म्हणते.)

मग रोनाने ते यंत्र टेबलावर ठेवलं आणि गाणं ऐकवलं. डेव्ही, हे गाणं मी किती वेळा ऐकलं असेल? दारू प्यालेल्यांनी म्हटलेलं, शाळेतल्या मुलांनी म्हटलेलं, लग्नात बॅगपाइपवर. कधी काही वाटलं नाही, उलट तिसऱ्या कडव्यात मला नेहमी भूक लागते. पण हिने गिटार काढून टाकली होती. आधी नुसतं फाटक करकरलं, आपलं फाटक, मग सुयांची टकटक सुरू झाली, घड्याळासारखी, आणि त्यावर तिचा आवाज, अगदी हळू, जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. पहिल्यांदाच वाटलं की कोणीतरी खरंच गेलं. एक पोरगा होता आणि तो परत आला नाही. मी तिथे सूप पीत बसलो होतो आणि त्या पोरासाठी माझे डोळे वाहत होते. इसोबेलने सुया खाली ठेवल्या. तिने सुया खाली ठेवणं म्हणजे काय ते तुला कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला मी रोनाला दगडापाशी घेऊन गेलो. तिथे वाहायला विल्माने फुलं दिली होती. पण ही पोरगी दगडासमोर उभी राहिली आणि एकदम लहान झाली. हात कोटाच्या खिशात, नाक लाल. मग मला सांगू लागली. तिचे आजोबा जॉर्ज लायल, पूर्वेकडच्या सँडहाइथ बंदराचे. बोट सगळ्या माणसांसकट गेली. हाती काही लागलं नाही, ना देह, ना नावाचा दगड उभा राहिला. त्यांच्यावर गाणं रचायला तिथे कोणी आर्ची मुक्कामाला नव्हता. आजी बटाटे सोलत असताना रेडिओवर आपलं गाणं लागलं, आणि त्या दिवसापासून तिने ते घरात आपलंसं केलं. मॅग्नसच्या जागी जॉर्ज घालून म्हणायची. रोना तेच ऐकत मोठी झाली, आणि शाळेत जाईपर्यंत तिला वाटायचं की ते गाणं तिच्या आजोबांचंच आहे. या दगडापाशी यायचं असं आजी दर उन्हाळ्यात म्हणायची. ते राहून गेलं. "तिच्या वतीने आलेय," रोना म्हणाली, आणि वाकून दगडावरच्या माझ्या नावावरून तिने बोट फिरवलं.

डेव्ही, मी हॉलचं छप्पर आठवायचा प्रयत्न केला. विल्माचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. काही उपयोग झाला नाही. मी म्हणालो, "पोरी, इथे कोणी नाही. मॅग्नस मीच."

वारा असा होता की तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने, आणि खालच्या वाळूवर कुत्रा फिरवणाऱ्या चर्चच्या पाद्र्यानेही वर पाहिलं. मला वाटलं ही आता निघून जाईल, अल्बम जाईल, गाणं जाईल आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिच्या आजीचे बटाटे सोलण्याचे ते सगळे दिवस मी फुकट घालवले असं होईल. पण तिने विचारलं, "मग परत कसे आलात?"

"बसने," मी म्हणालो.

ती खडकावर बसली आणि हसू लागली. इतकी हसली की मग तिला रडू आलं, आणि मग कोणतं काय ते मलाही कळेना. मी शेजारी बसलो, माझा रुमाल दिला. (स्वच्छ होता. इसोबेल विचारेल म्हणून लिहितो.) नाक पुसून ती म्हणाली, "म्हणजे ही जागा इतकी वर्षं रिकामीच आहे?" मी म्हटलं, नाव तेवढं माझं आहे, बाकी रिकामीच. ती म्हणाली, "मग माझ्या आजोबांना द्याल?"

मी म्हटलं, गाणंही घेऊन जा.

त्यानंतर गावात काय झालं ते ऐक. विल्माने तातडीची सभा बोलावली. मला फितूर म्हणाली, म्हातारचळ लागलेला म्हणाली. बुडालेला मॅग्नस छापलेले स्वयंपाकघरातले टॉवेल तिने नुकतेच मागवले होते. पण इसोबेल उठली. ती म्हणाली की खरा गेलेला माणूस दारात उभा असताना खोट्याने त्याची जागा अडवून बसणं तिला पटत नाही, आणि शिवाय इतकी वर्षं पाहुण्यांसमोर डेव्हीची बायको म्हणून वावरून तिचा जीव विटलाय, डेव्ही तिला तरुणपणीही कधी आवडला नव्हता. (हे तिने भर सभेत सांगितलं, मी फक्त कळवतो.) सभेत हशा पिकला आणि मग कोणी विरोधात बोलेना. बँफचा पाथरवट मंगळवारी येऊन जॉर्ज लायलचं नाव दगडावर कोरून गेला. माझं नाव खोडायचं का असं त्याने विचारलं, तर इसोबेल म्हणाली, "खोडता कशाला, लागेलच की कधीतरी."

आणि विल्मा? तिच्या दोनच दिवसांत लक्षात आलं की मेलेल्यापेक्षा परत आलेला जास्त चालतो. बुधवारी दुपारी मी आता तिच्या खिडकीत बसतो आणि लोक माझ्यासोबत चहा घेतात. केक मला फुकट.

रोनाने गाणं रेकॉर्ड केलंय. शेवटच्या कडव्यात ती आजीसारखं जॉर्ज म्हणते. जलसा मे महिन्यात, आपल्याच हॉलमध्ये, छप्पर गळो न गळो. ग्लासगोची ती ओरडणारी पोरंही येणार आहेत आणि ती आमच्याकडे उतरणार आहेत. इसोबेलने आत्तापासून बटाटे साठवायला घेतलेत. मला तर मे महिना उद्याच उजाडावा असं झालंय.

हेझेलला प्रेम, कुत्र्याला थाप.

तुझा भाऊ,
मॅग्नस (हयात)

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो होतो. अल्बमच्या कव्हरवर त्या काळातला मॅग्नस हवा होता. माझा त्या वयाचा एकच फोटो आहे आणि त्यात मी शिंकतोय. तेव्हा विल्माने आमच्या दिवाणखान्यातला तुझा फोटो उचलून दिला, बाबांचा रेनकोट घालून धक्क्यावर उभा आहेस तो, केस वाऱ्यावर उडतायत तो. कव्हर छापून झालंय. खाली माझं नाव आहे. आता ते लोक म्हणतात की फोटोतला माणूस जिवंत असेल तर त्याचा लेखी होकार लागतो. तेव्हा हयात आहेस तोवर होकार लगेच पाठव. तुझं नाव मी इतकी वर्षं वापरलं, तू माझं एकदा वापर, फिटंफाट होईल. इसोबेल म्हणते, एकदाचा गाण्याला शोभेल असा मॅग्नस मिळाला.

ता. ता. क. जलशाला तुम्ही दोघं जरूर या. कव्हरवरचा माणूस म्हणून तुला कोणी ओळखेल आणि घोटाळा होईल अशी मला आधी धास्ती होती. पण हेझेलने पाठवलेला तुझा परवाचा फोटो मी हॉलच्या समितीत फिरवला. एकमताने ठरलं, धोका नाही.