हॅमर शॉपची सत्तावीस कार्डं

बाबा,

मागच्या आठवड्यात मी कान तपासून घेतले. घाटकोपरला एका छोट्या बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आणि आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच आलं नाही. मी आपली बटणावर बोट ठेवून शहाण्यासारखी बसले होते. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. आवाज येत होते, मला ते कळले नव्हते. बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणाल्या, जाड आणि खालचे बरेच दिवस टिकतात. माझं वयामुळे आहे. कारखान्यातल्या माणसांचं मात्र तरुणपणीच होतं, म्हणाल्या, घरात कोणी होतं का तसं? मी हो म्हटलं आणि तिथेच मला रडू आलं. त्यांना वाटलं, स्वतःच्या कानासाठी रडतेय. म्हणून हे लिहायला बसलेय. तुम्ही मला कधी जाब विचारला नाहीत, पण मला तो द्यायचाय.

तुम्ही आपल्या भांडुपच्या त्या कारखान्यात हॅमर शॉपला होतात. तापलेल्या लोखंडावर दिवसभर घण पडायचा आणि त्याचा दणका म्हणे कॅन्टीनमधल्या ग्लासातल्या पाण्याला कळायचा. तुम्ही घरी यायचात ते ओरडत. रागाने नव्हे, तुमचं साधं बोलणंच तसं होतं. "भाजी काय केलंस?" एवढं आईला विचारलंत तरी अख्ख्या चाळीला आमची भाजी कळायची. रेडिओवरची सकाळची भक्तिगीतं, भावगीतं, सिनेमातली गाणी, तुम्हाला सगळं सारखंच. डास गुणगुणतोय, म्हणायचात. आणि मग एका शनिवारी संध्याकाळी काटा फिरवता फिरवता तुम्हाला रॉक सापडलं.

अर्ध्या तासाचा इंग्रजी कार्यक्रम. तुम्हाला इंग्रजीतलं ओव्हरटाइम आणि सुपरवायझर सोडून काही येत नव्हतं, पण ड्रम वाजला आणि तुम्ही रेडिओच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवलात. डोळे मिटलेत. आई पोळपाटावरून वळून बघत राहिली. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अहो, भांडी कोण आपटतंय?" तुम्हाला ते ऐकू आलं नाही, हे बरंच झालं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धोतर नेसून गावच्या देवाला नारळ देणारा माझा बाप ती गिटारांची किंकाळी ऐकत मान डोलावतो, हे मी मैत्रिणींना काय सांगणार? "काय ऐकता हो हे?" मी एकदा तुमच्या कानाशी जाऊन ओरडले. तुम्ही हसलात. "माका ह्याच आयकाक येता गो," म्हणालात. मी ते आवडीचं बोलणं समजले. तुम्ही अगदी सरळ, शब्दाला शब्द खरं सांगत होतात, हे कळायला मला परवाचा तो कागद लागला.

टीव्ही नुकताच रंगीत झाला होता तेव्हा मी रेडिओ केंद्रात कॅज्युअल म्हणून, म्हणजे कच्च्या नोकरीवर, लागले. श्रोत्यांची पत्रं फोडायची, कार्यक्रमाप्रमाणे गठ्ठे लावायचे, मोजायचे. तुम्ही हॅमर शॉपमध्ये पेढे वाटलेत. पत्रांच्या बाबतीत आमच्याकडे एक नियम होता. श्रोता संघवाले फार चलाख, एकच पोरगा बसून वेगवेगळ्या नावांनी पन्नास पत्रं लिहायचा आणि आपल्या आवडीचं गाणं लावून घ्यायचा. म्हणून एका अक्षरातली पत्रं कितीही आली तरी एकच धरायची. अक्षर ओळखण्यात मी तरबेज झाले. साहेब मला गमतीने सीआयडी म्हणत.

त्याच सुमारास ठरलं की शनिवारचा रॉकचा अर्धा तास काढून तिथे पॉप लावायचं. सगळ्यांना तेच हवंय, गोड, गुळगुळीत, लग्नातही वाजवता येईल असं. कार्यक्रम करणारे गृहस्थ भांडले, तेव्हा साहेब म्हणाले, ठीक आहे, महिनाभर पत्रं मोजू. हे मी घरी येऊन जेवताना सांगितलं. तुम्ही घास हातात धरून विचारलंत, "किती पत्रा होयी?" मी म्हटलं, ढीगभर. तुम्ही घास तोंडात टाकलात आणि मी ते विसरून गेले.

पंधरा दिवसांनी टपालात कार्डं आली. सत्तावीस. त्यातलं पहिलं मी हातात घेतलं आणि मला तुमचा तो ह दिसला, खाली शेपूट फिरवून वर आणलेला. निळी शाई, तिरकी ओळ. प्रत्येक कार्डावर एकच मजकूर. "शनिवारची रॉक गाणी बंद करू नयेत ही नम्र विनंती. आम्हाला दुसरी गाणी ऐकू येत नाहीत." खाली वेगवेगळी नावं, पत्ते भांडुप, मुलुंड, कांजूरचे. तुमच्या नावाचं एकही कार्ड नव्हतं, आणि त्यानेच माझी खात्री पटली की तुम्ही लबाडी केलीत. आधी हसू आलं, मग घाम फुटला. शेजारच्या टेबलावरची मुलगी एक कार्ड उचलून मोठ्याने वाचत होती. "इंग्लिश प्रोग्रामला मराठीत कार्ड! आणि म्हणे दुसरं ऐकूच येत नाही! बहिरा आहे की काय?" सगळे हसले. मीही हसले. मग मी सत्तावीस कार्डांना रबर लावलं, वर चिठ्ठी टाचली, "एकच अक्षर", आणि साहेबांकडे नेऊन ठेवलं. महिन्याच्या शेवटी रॉकची पत्रं मोजली तेव्हा ती थोडक्यात कमी पडली. सत्तावीस धरली असती तर पुरली असती. नियमाने वागले, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

त्यानंतरचा पहिला शनिवार मला अजून तसाच्या तसा दिसतो. तुम्ही हातपाय धुऊन येता, चहा घेता, रेडिओ लावता, तळहात ठेवता. गाणं सुरू आहे. बारीक आवाजाची कोणीतरी बाई, मागे टिकटिक. तुम्ही आवाज वाढवता. आणखी वाढवता. काकू भिंतीवर थापा मारतात. तुम्ही खोक्याला कान लावता, मग दुसरा कान, आणि माझ्याकडे वळून बघता. चेहरा असा पडलेला की मला तिथे थांबवेना. "माझे कान आणखी गेले काय गो?" तुम्ही विचारलंत. आणि हे एकच वाक्य तुम्ही हळू आवाजात बोललात.

मी पाटीवर लिहून दाखवलं की कान ठीक आहेत, कार्यक्रम बदललाय. तुम्ही वाचलंत. "पत्रा कमी पडली?" मी मानेनेच हो म्हटलं. "बरा," म्हणालात आणि बटण बंद केलंत. त्यानंतर शनिवारी संध्याकाळी तुम्ही गॅलरीत बसून रस्त्याकडे बघायचात. आई म्हणायची, बरं झालं, घरात शांतता आली. ती शांतता तुमच्यासाठी काय होती, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. पुढची चार वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, त्या घरात तुम्हाला ऐकू येईल असं काहीच वाजलं नाही.

तुमच्या दिवसांना हॅमर शॉपची माणसं आली. दहा-बारा जण, दाटीवाटीने सतरंजीवर. नातेवाईक कुजबुजत होते आणि ही माणसं सांत्वनसुद्धा ओरडून करत होती. सगळ्यांचे कान तुमच्यासारखेच. त्यातले एक म्हातारे, साताऱ्याकडचे, माझ्यापाशी येऊन बसले. "पोरी, तू रेडिओत होतीस ना? ते शनिवारचं धडाधड गाणं बंद का केलं गं? आम्ही सगळे ऐकायचो. कार्डंबी टाकली होती."

मी ओरडून विचारलं, कोणी टाकली?

"आम्हीच की. कॅन्टीनमध्ये बसून तुझ्या बापानं लिहिली, सह्या ज्याच्या त्यानं केल्या. आमच्यात लिहिणारा तोच एक. त्याला म्हटलं, तुझंबी टाक, तर म्हणतो, नको. आडनाव बघतील, पोरीची नोकरी कच्ची आहे, तिला कोणी बोलायला नको."

रविवारी सकाळी अर्धी चाळ कार्डं घेऊन आमच्या दारात बसायची आणि तुम्ही त्यांची गावची पत्रं लिहून द्यायचात. लहानपणापासून बघत आले होते मी हे. एका अक्षरात अनेक माणसं असतात, हे त्या अख्ख्या केंद्रात एकट्या मलाच ठाऊक असायला हवं होतं. सह्या वेगवेगळ्या होत्या, बाबा. एक तर अंगठाच होता. ते मला दिसलं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्या म्हाताऱ्याने नाटक मात्र छान वठवलंय.

हे आईला मी कधी सांगितलं नाही, आता तीही नाही. मुलांना मी नियमाची गोष्ट सांगते, आणि ती ऐकून त्यांना माझा अभिमान वाटतो. त्यातलं एक वाक्य मी दर वेळी गाळते. गठ्ठा ठेवून मी वळले तेव्हा साहेबांनी वरच्या कार्डावरचा पत्ता वाचून मला परत हाक मारली होती. "हे तुमच्या भांडुपचंच दिसतंय. कोण आहे हा माणूस, ओळखता का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. हो म्हटलं असतं तर त्यांनी बसवून घेतलं असतं, विचारलं असतं, कदाचित तुम्हाला बोलावूनही घेतलं असतं. बाहेर ती मुलगी अजून हसत होती.

मी म्हटलं, नाही.