घमेल्यासकट उडी

भिलाई,
तान्हा पोळा, १९९७

प्रिय देवा,

आधी उत्तर, मग बाकीचं. नाही. चित्रांची फ्लॉपी मी तुला पाठवणार नाही, आणि आपल्या खेळातली घमेलंवाली बाई काढून तिच्या जागी हेल्मेटवाला पोट्टा उभा करायचा, हे मला मंजूर नाही. तू लिहिलं की तुझी पुण्याची कंपनी दिवाळीला कॉम्प्युटरवरच्या खेळांची सीडी काढून राहिली, त्यात आपलाही खेळ घेणार, फक्त बाई नको, डोक्यावरचं ओझं नको, नाहीतर कोणी खेळणार नाही. एरवी चार-चार पानं लिहिणारा माझा भाऊ, आणि एवढी मोठी गोष्ट अर्ध्या पानात उरकली! वर पुन्हा, ताई, समजून घे. काय समजून घेऊ रे? तुझं पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होती. त्या दिवशीच्या पोळ्या अशा वातड झाल्या की बाबांनी मुकाट्यानं भात मागून घेतला.

तुला पुण्याची हवा लागून विसर पडला असेल, म्हणून सांगते. मारोतरावांच्या नेहरू नगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तू पोरांना शिकवायचा, मी काउंटरवर बसायची, आणि रविवारी दुपारी क्लास बंद असला की मशीन आपलं. तू म्हणाला, कॉम्प्युटरवर चित्र चौकोनाचौकोनांनी भरावं लागतं, आणि मला हसू आलं. दोसुतीच्या कापडावर मी दुसरं काय करत आली जन्मभर? एक टाका, एक चौकोन. तुझ्या बाईचा मी कशिद्यासारखाच आलेख काढला, आणि चूकही कशिद्यातलीच केली. दोसुतीत पोपटांची जोडी भरायची असली की एकाच पोपटाचा आलेख काढतात, दुसरा तोच उलटा करून भरतात. म्हणून मी बाई एकाच बाजूनं काढली आणि तुला म्हणाली, परत फिरताना उलटी करून घे. तू घेतली, आणि बाई मागे वळली की पदर डाव्या खांद्यावरून टुणकन उजव्यावर! तू खुर्चीवरून पडेपर्यंत हसला होता. म्हणाला, ताई, आपली बाई जाताना मराठी आहे आणि येताना गुजराती. मग परत फिरणारी बाई वेगळी काढली, पावलं टाकणारी, वाकणारी, उडी मारणारी, सगळी पुन्हा. एका पदरासाठी कित्येक रविवार गेले आपले, आणि तेव्हा तू एकदाही म्हणाला नाही की बाई नको.

आणि घमेलं कोणाच्या डोक्यातून निघालं? माझ्या नाही बाप्पा. मी तर म्हटलं होतं, बाईच्या हातात काठी देऊ. तूच म्हणाला, नाही, हिच्या डोक्यावर गिट्टी पाहिजे. बाई डावीकडून निघणार, पडदा तिच्यासंगं सरकणार, स्टील प्लांटमधलं कोक ओव्हन, भट्टी, रोलिंग मिल ओलांडत ती नव्या चिमणीच्या कामावर पोचणार. उंचावरून धाडकन उतरली की गिट्टी सांडणार. रिकामं घमेलं घेऊन पोचली तर मुकादम परत पाठवणार. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, देवा. बाजारातल्या इतर खेळांत पोट्टे माकडासारखे उड्या मारतात आणि पोचले की जिंकले. आपल्या खेळात काय घेऊन पोचली ते बघतात. मधे कुठंतरी चुंबळ सापडते, ती डोक्यावर आली की घमेलं जरा स्थिर होतं आणि खेळणारा सुटकेचा श्वास टाकतो. असं सुचायला नुसतं कॉम्प्युटरचं शिक्षण पुरत नाही. लहानपणी रेतीच्या ढिगावर बसून कोणाची तरी वाट पाहिलेली असावी लागते.

आता खोटं कशाला बोलू, आपला खेळ छळतो. भल्ला छळतो! ती तिसऱ्या भागातली लिफ्ट तर मेली चेटकीण आहे. वर येते आणि बाईचे पाय तिला असे चिकटतात की स्पेसबार दाबला तरी बाई ढिम्म, आणि मग आपोआप खड्ड्यात. खेळणाऱ्याची काही चूक नसताना तो मरतो, हे वाईट. कोक ओव्हनच्या धुरात खड्डा दिसत नाही, तो माझा प्रताप, मला धूर भरायचा मोह आवरला नाही. आणि कुठंही मेलं की पुन्हा गेटपासून सुरुवात! माणूस रोलिंग मिलपर्यंत जीव मुठीत धरून जातो आणि एका घसरणीत सगळं पाण्यात. मधे थांबायची सोय नाही, आईनं जेवायला बोलावलं तरी उठता येत नाही. क्लासची पोरं स्पेसबार असा बडवतात की मारोतरावांनी भिंतीवर कागद लावला आहे, घमेलं खेळणाऱ्यांनी हळू मारावे. शिव्या देतात, उठून जातात, आणि दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधी दारात हजर. कारण लिफ्ट सोडली तर बाकी ठिकाणी आपण का मेलो ते त्यांना समजते. घाई केली म्हणून मेलो. पाय वाकवून उतरलो नाही म्हणून सांडली. हळूहळू त्या द्वाड पोरांचीही चाल सुधारते, लहान-लहान उड्या घेतात, लिफ्टची वाट बघतात. म्हणून सांगते, लिफ्ट नीट कर, मधे थांबायची सोय दे, धूर मी विरळ करते. पण पाय चिकटतात म्हणून डोक्यावरचं ओझं काढायचं, हे कुठलं औषध? घमेलं काढलं की उरला एक उड्या मारणारा पोट्टा, आणि तसले त्या सीडीत दहा असतील.

घरची खबर द्यायची राहिली. बाबांचा गुडघा ठीक आहे. भिलाई-३ च्या काकांकडे काल पोळ्याचं जेवण झालं, तुझी आठवण निघाली. आणि गेल्या रविवारी मी मायला क्लासमध्ये नेलं. तिनं आजवर आपला खेळ पाहिला नव्हता, तुला माहीत आहे. मी खेळायला बसली, ती शेजारी. पहिल्याच उडीत गिट्टी सांडली तशी माय ओरडली, सांडली न वं! मग तिनं मला उठवलंच. दोन बोटांनी बटणं दाबायची आणि पडद्यातल्या बाईवर खेकसायची, थांब न बाई, कुठं धावून राहिली, कोण मरून राहिलं तिकडं! लिफ्टला तिनं ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही, पण मारोतराव आतून बाहेर आले. भट्टीपर्यंत गेली आणि पडली. मग पडद्यावरच्या घमेल्याला बोट लावलं आणि मला विचारलं, हे मी होय काय वं? मी म्हटलं, देवानं बनवली, त्यालाच माहीत. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, पोट्ट्यानं ध्यान ठेवलं म्हणा. घरी येईपर्यंत काय ताठ मानेनं चालणं तिचं! दुसऱ्या दिवशी शेजारच्या शकुबाईला, दूधवाल्याला, किराणावाल्याला, सगळ्यांना सांगून झालं की देवानं मले टीव्हीत टाकलं. टीव्ही नाही, कॉम्प्युटर, असं मी दहादा सांगितलं. ऐकते थोडीच.

आणि त्याच आठवड्यात तुझं अर्धं पान. मी मायला वाचून दाखवलं नाही. देवा बरा आहे, कामात आहे, एवढंच सांगितलं.

परवा पावर हाउसच्या बाजारात गेली आणि एसटीडीवरून तुझ्या कंपनीत फोन लावला. तुझ्याशी भांडायलाच लावला होता. तू जेवायला गेला होता, फोन उचलला तुझ्या होणाऱ्या बायकोनं, वसुंधरानं. मी नाव सांगितलं तशी ती पोरगी इतकी खूश झाली की मला भांडायची सोयच उरली नाही. म्हणाली, ताई, ती बाई तुम्ही काढली न? आम्ही सगळे जेवणाच्या सुट्टीत तिच्याच मागे असतो, मी रोज लिफ्टमध्ये मरते आणि तुमच्या भावाला शिव्या घालते. मी विचारलं, मग तुमच्या साहेबांना बाई नको का वाटते? ती म्हणाली, साहेबांना? साहेबांनी खेळ घेतला तो त्या बाईपायी. त्यांचं म्हणणं फक्त लिफ्टचं आणि मधे थांबायच्या सोयीचं होतं. बाई काढायचं देवानंदच्याच डोक्यात आलं आहे, का ते सांगत नाही. मग तिनं विचारलं, ताई, ही बाई सुचली कुठून हो तुम्हाला? माझ्या तोंडात आलं होतं. मी गिळलं. म्हटलं, ते देवालाच विचार, आणि फोन ठेवला. बूथमधून बाहेर आली आणि तिथंच पायरीवर बसली, समोरचा आटोवाला विचारे, बहनजी, तबियत ठीक है न?

ठीक नाही. मले सांग, कावून रे देवा? कंपनीच्या नावावर तू आपल्या मायला खेळातून हाकलत होता? आता मला जूनमधलं सगळं कळतं. वसुंधराचे आई-बाबा घर पाहायला आले, त्याच्या आदल्या दिवशी तू मायला म्हणाला, उद्या पदर डोक्यावरून घे. मी समजली, जुन्या वळणाची माणसं असतील. मी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा तू त्यांना सांगत होता, आई पहिल्यापासून घरीच असते. माय तर हसून मान डोलवत होती, तिला वाटलं तू कौतुक करून राहिला. पदर कशासाठी होता ते आत्ता समजलं. ज्या जागेवर चुंबळ बसायची तिथले केस गेलेले आहेत तिचे, ते तुझ्या होणाऱ्या सासऱ्याला दिसू नये म्हणून. प्लांटमधले मोठे अधिकारी न ते! आपली माय ठेकेदाराकडे रेजा होती, गिट्टी-रेती वाहायची, हे त्यांना कळलं तर काय होईल? मोडेल लग्न? मोडू दे! एवढ्यानं मोडत असेल तर आधीच मोडलेलं बरं. पण ज्या पोरीला त्या बाईसाठी रोज लिफ्टमध्ये मरायला आवडते, ती लग्न मोडेल असं तुला वाटते, हेच मला समजत नाही. तू तिलाही ओळखलं नाही आणि मायलाही. या गावातल्या चिमण्या, हे सेक्टर, तुझी शाळा, हे काय अधिकाऱ्यांच्या सह्यांनी उभं झालं? कोणाच्या तरी मायच्या डोक्यावरून चढलं आहे सगळं. मला त्या केस गेलेल्या जागेचा अभिमान आहे, आणि तुला नसेल तर तो माझ्याकडून उधार घे, पण तिच्यावर पदर ओढू नको. मी खूप रडली दोन दिवस, लपवत नाही. आता रडून झालं.

पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगते, कारण भांडायला दुसरा फोनही चालला असता. मायला यातलं काहीच माहीत नाही, आणि तू नीट वागला तर कधी होणारही नाही. वसुंधरा तुला विचारणार, बाई कुठून सुचली. मी तिला सांगितलं नाही, कारण ते तुझ्या तोंडून जायला पाहिजे. खेळातल्या बाईला आपण नाव दिलं नव्हतं. खेळाचा पहिला पडदा हा नुसता चित्राचा आहे, तो बदलायला मला तू लागत नाही. काल क्लासमध्ये बसून मी त्यावर नाव भरलं, कशिद्यात भरते तसं, एकेक चौकोन. हे पत्र आज टाकते. ती नाव भरलेली फ्लॉपी उद्या टाकणार आहे, वसुंधराच्या नावावर. म्हणजे मधला एक दिवस तुझा आहे. तेवढ्यात तू सांगितलं तर तिला ते तुझ्याकडून कळेल. नाही सांगितलं, तर फ्लॉपी लावल्याबरोबर समोर येईल: सिंधुताई केवलराम कापगते, रेजा, भिलाई.

तुझीच, आणि तुझी आहे म्हणूनच इतकी भांडणारी,
ताराताई