शेजारच्या चर्चमध्ये केलेला ऐक्याचा उपदेश

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा प्रभूच्या नावाने सलाम. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात की अजून रुसूनच बसलेत? मामींचा खोकला उतरला का? मी अंगाने ठणठणीत आहे. मनाने मात्र रविवारी जो हबकलो तो अजून भानावर आलेलो नाही, तेव्हा अक्षर तिरकं आलं तर रागावू नका.

सेमिनरीच्या शेवटच्या वर्षी एखाद्या मंडळीत जाऊन उपदेश करावा लागतो आणि तिथल्या पंचांच्या शेऱ्यावर आमची पाळकपदाची दीक्षा अडकलेली असते, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या वाट्याला एक जुनी ल्युथरन मंडळी आली. विषय ‘मंडळीचं ऐक्य’. तीन आठवडे खपून उपदेश लिहिला. (मध्ये तीन ग्रीक शब्दही पेरले. त्यातल्या एकाचा उच्चार मला अजून येत नाही.)

आता मला कुणी सांगितलं नाही ते ऐका. त्या गल्लीत ल्युथरन चर्चं दोन, भिंतीला भिंत लागून! एकतीस वर्षांपूर्वी तापाची साथ आली, तेव्हा अर्धी मंडळी म्हणाली, प्रभुभोजनाला सर्वांनी एकाच प्याल्यातून प्यायचं. अर्धी म्हणाली, ज्याचा त्याचा छोटा पेला हवा. भांडण इतकं पेटलं की पेलेवाले उठून गेले, आणि खरी मंडळी आपणच हे दाखवायला शेजारी हुबेहूब तसंच चर्च बांधून मोकळे झाले. तोच लाल दरवाजा, तीच घंटा. मला पाठवलं होतं प्यालेवाल्यांकडे. मी शिरलो पेलेवाल्यांकडे.

त्यांचे पाळक त्या दिवशी आजारी होते आणि बदली माणूस यायचा होता, त्यामुळे दारातल्या पंचांनी मला हात धरूनच पुढे नेऊन बसवलं. मी पुलपिटावर चढलो आणि पहिलंच वाक्य ठणकावलं, ‘‘आपण सारे एकाच प्याल्यातून पिणारे आहोत!’’ कुणाच्या तरी हातून गीतपुस्तक पडलं. मला वाटलं, पवित्र आत्मा काम करतोय, म्हणून तेच आणखी दोनदा म्हणालो, चढत्या आवाजात. ऑर्गन वाजवणाऱ्या साठीतल्या बाई स्टुलावरच गर्रकन वळून बघत राहिल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं. (ते लोक माझी वाट बघत एकच गीत चौथ्यांदा गात होते, हे मागाहून कळलं.) मी म्हणालो, ‘‘इतक्या भक्तिभावाने गाणारे हे आपले कोण लागतात?’’ ऑर्गनवाल्या बाईंनी मान खाली घातली.

मग दार धाडकन उघडलं. शेजारच्या मंडळीच्या चिटणीस बाई आत आल्या, मागे त्यांचे पंच. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘हा आमचा आहे.’’

‘‘मग घेऊन जा की!’’ सगळं चर्च एका सुरात ओरडलं.

पण खरा धक्का पुढेच होता. दोन्हीकडचे पंच तिथेच एका टेबलाशी बसले आणि प्राचार्यांकडे माझी संयुक्त तक्रार लिहू लागले. सही करायला चिटणीस बाईंना चष्मा सापडेना. ऑर्गनवाल्या बाईंनी आपला काढून पुढे केला. ‘‘घे. नंबर एकच असेल, दोघींनाही आईचेच डोळे.’’

मामा, सख्ख्या बहिणी! एकतीस वर्षांत एकमेकींशी अवाक्षर नाही. चिटणीस बाईंनी चष्मा घातला, सही केली, आणि तो परत द्यायला बराच वेळ लावला.

प्राचार्यांनी तक्रार दोनदा वाचली. ते म्हणाले, ‘‘या दोन मंडळ्यांच्या सह्या एका कागदावर आणायला मी किती वर्षं धडपडतोय! तू केलंस तरी काय?’’ मी म्हटलं, ‘‘दार चुकलो, सर.’’ त्यावर त्यांनी मला उत्तीर्ण केलं आणि वर वर्षभरासाठी त्याच गल्लीत नेमलं, दोन्हीकडे! पण बोलावणं प्रभूचं आहे. मी आनंदाने जाईन.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. ‘आनंदाने’ हा शब्द पत्राला शोभा यावी म्हणून घातला आहे. बिशपसाहेब तुमचे वर्गमित्र. त्यांच्या कानावर एक शब्द घाला. तुरुंगात पाठवा, एखाद्या बेटावर पाठवा, पण या गल्लीत नको. पत्र खरं तर त्यासाठीच.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच ऑर्गनवाल्या बाई माझ्या खोलीवर आल्या. चिटणीस बाई घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, इस्पितळात आहेत. एकटीने जायचं बाईंना धाडस होत नाही. मी सोबत चलावं म्हणतात. बिशपसाहेबांना काही बोलू नका. बाई जिन्यात उभ्या राहून विचारतायत, तिच्यासमोर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलू? सेमिनरीत हे कुणी शिकवलं नाही, मामा. तुम्ही चाळीस वर्षं पाळक होतात, तुम्हाला ठाऊक असेल. उलट टपाली कळवा असं लिहिणार होतो, पण बाई दोन पायऱ्या उतरल्यासुद्धा.