लॅपटॉपच्या दारात 'ताओ पो'

सान इसिद्रो,
पवित्र आठवड्यातला मंगळवार

समुद्रावरच्या माझ्या थोरल्या भावास, कुया सान्तो यास,

तुझी तब्येत बरी असेल आणि बोटीवरचा स्वयंपाकी अजूनही सगळ्यांत बटाटेच घालत असेल, असं धरून चालते. तुझ्या वतीने आपल्या आजीचा, लोला एपांगचा, हात रोज कपाळाला लावते. (स्वतःच्या वाटचा वेगळा लावते. तुझा आशीर्वाद मी खात नाही.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. क्षेम काहीही नाही.

पत्र हाताने लिहून त्याचे फोटो पाठवतेय, यावरूनच तू ओळखलं असशील. लॅपटॉप गेला. म्हणजे तो आहे, पंखा फिरतो, दिवा लागतो. पण आपली साठवणीची डिस्क कुठे आहे हे त्यालाच सापडत नाही. आणि त्या डिस्कवर काय आहे हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी झटका यायच्या आधी लोलाने गायलेला पासयोन. येशूच्या यातनांची ती गाणी सगळा गाव गातो, पण क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या आईची कडवी लोलाच्या चालीत फक्त लोलालाच येतात. येत होती. आता तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, 'तुलोय', म्हणजे 'आत या'. डॉक्टर सुई घेऊन आला तरी 'या, आत या', कुत्रं आलं तरी 'या, आत या'. परवा वीज तोडायला आलेल्या माणसालाही तिने आत बोलावलं. (तो आला. कॉफी पिऊन वीज न तोडता गेला.) गुरुवारी संध्याकाळी आपल्या अंगणात पासयोन आहे, आणि त्यात तुझाच आवाज तुला ऐकवीन, असं मी लोलाला कबूल केलंय. तेव्हापासून ती खुर्चीत बसून डाव्या हाताने हातपंखा हलवत ताल धरतेय. दुसरी प्रत का नाही ठेवलीस, असं विचारू नकोस. विचारलंस तर पत्र इथेच फाडीन.

सोमवारी सकाळी मी लॅपटॉप कपाटावरून खाली काढला. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: डिस्क आढळली नाही. धावत जाऊन तुझ्या धर्मपित्याला, निनोंग तेर्योला, घेऊन आले. पंखे, कराओके आणि एकदा तर पाद्रीसाहेबांची कवळी दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी कुठलंसं बटण दाबून धरलं आणि यंत्राच्या पोटातली यादी बाहेर काढली. कीबोर्ड हजर, पंखा हजर, बॅटरी हजर. डिस्कच्या नावापुढे मात्र नुसती रेघ. बंद केला, चार्जर काढला, अंगठा पांढरा पडेपर्यंत बटण दाबून ठेवलं, पुन्हा चालू केला. रेघ. पालथा घातला, फुंकला, थोपटला. रेघच. शेवटी त्यांनी निदान केलं की डिस्कला पास्मा झालाय, म्हणजे तापल्या अंगावर गार पाणी पडल्यावर माणसाला होतो तो. मग ते माझ्याकडे असे बघू लागले की जणू मीच त्याला आंघोळ घातली.

आपली मावशी, तिता साल्बा, इतका वेळ जपमाळ ओढत होती. ती उठली, लॅपटॉपच्या झाकणावर टकटक केली आणि परक्याच्या दारात उभं राहून हाक मारावी तशी ओरडली, "ताओ पो! माणूस आलंय हो दारात! आत असाल तर असं मुकाट बसू नये!" त्याबरोबर खुर्चीतून लोला म्हणाली, "तुलोय!" सगळे हसले. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरामागे जाऊन रडले.

आता उघडून बघणं एवढंच राहिलंय. पण निनोंग स्क्रू ड्रायव्हर हातात धरत नाहीत. "या आठवड्यात कशालाही लोखंड लावायचं नाही. या आठवड्यातली जखम भरत नाही. ईस्टरनंतर ये."

"पण पासयोन गुरुवारी आहे!"

"मग देवाला सांग तारीख बदलायला."

तितानेही मान डोलावली. शुक्रवारी घरात आंघोळ करू न देणारी बाई ती, तिच्याकडून कसली आशा?

मी मात्र सगळ्यांना ठणकावून सांगितलंय की आतून बिघाड असणं शक्यच नाही, कारण जायच्या आदल्या दिवशी खुद्द कुयाने तो उघडून धूळ साफ केलीय. (या घरात तुझी बाजू घेणारी मी एकटी उरलेय, हे लक्षात असू दे.) तरी तुमच्या बोटीवरच्या वीजतंत्र्याला विचारून ताबडतोब उपाय कळव. 'हे भंगार कुणीतरी घेऊन जा रे' असं मी त्याला उठसूट म्हणायचे. तेच त्याने मनाला लावून घेतलं की काय, असंही आता वाटायला लागलंय.

काळजीने अर्धी झालेली तुझी बहीण,
लिगाया

ता. क. बुधवार. दुपारी सगळे लवंडले असताना तिता साल्बाने स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेतला. "जखम नाही भरली तर ती माझ्या अंगावर," म्हणाली, लॅपटॉपवर क्रूसाची खूण केली आणि झाकण उघडलं. डिस्कची जागा आहे. डिस्क नाही. तिच्या जागी आल्याच्या गोळीच्या कागदाची इवलीशी होडी आहे.

कुया, लहानपणी कढईतला शेवटचा मासा पळवून तिथे कागदी होडी कोण ठेवायचं? जायच्या आदल्या दिवशी कुणाच्या स्वतःच्या लॅपटॉपची डिस्क बंद पडली होती? घर रिकामं होतं, आणि आम्ही सोमवारपासून दारात उभे राहून हाका मारत होतो! निनोंग म्हणतात, मग बिघाड काहीच नाही, आणि त्यांनी जेवून घेतलं.

ता. क. दुसरा. वरचं सगळं विसर. शिव्या ईस्टरनंतर देईन, या आठवड्यात तिता देऊ देत नाही. एकच कर. सिनेमे भरायला तू त्या डिस्कवरचं काय काय पुसलंस हे मला माहीत नाही आणि विचारायची हिंमतही नाही. गाणं 'वीजबिलं' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. (मुद्दाम तिथे ठेवलं होतं. बिलं तू जन्मात उघडत नाहीस, तोच आता आधार.) बोट आज रात्री बंदराला लागेल असं तूच कळवलं होतंस. आधी बघ, आहे की नाही. असेल तर गुरुवारी दिवेलागणीला फोन कर आणि तुझ्या लॅपटॉपजवळ धर. मी लोलाच्या कानाशी धरीन.

ता. क. शेवटचा. तुझा आवाज सान्तोच्या बोटीवर गेलाय, असं मी लोलाला सांगितलं. तिने पंखा थांबवला, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "तुलोय." तेव्हा फोन लागला की लगेच गाणं लावू नकोस. आधी मोठ्याने 'ताओ पो' म्हण. या वेळी आतून उत्तर येईल.