अकरा दिवस तोच आकडा

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
रुग्णालय धुलाई विभाग.

विषय : बॉयलर खोलीतील संगणकात जागा मोकळी करण्याची लेखी परवानगी आजच मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे दि. १९, २१ व २४ चे तीन अर्ज, ज्यांना अद्याप आवक क्रमांक मिळालेला नाही.

महोदय,

मी या विभागात चौतीस वर्षे बॉयलर सांभाळतो. निवृत्तीनंतर आपणच मला पहिल्या पाळीवर पुन्हा ठेवून घेतले. अक्षरओळख मला अठ्ठावन्नाव्या वर्षी झाली, ती सूनबाईंनी करून दिली. त्यामुळे मला एका नजरेत वाचता येत नाही. पडद्यावरचा वाफेचा दाब मी दर तासाला बोट ठेवून वाचतो आणि एकेक आकडा वहीत उतरवतो. बाकीच्या पाळ्यांतले लोक पडदा हिरवा दिसला की पुढे जातात. त्यांची चूक नाही, त्यांना वाचता येते.

दि. १७ च्या सकाळी अकरापासून माझ्या वहीत ७.२ हा एकच आकडा आहे. आज अकरा दिवस झाले. पेटवताना ७.२, भर कामात ७.२.

संगणक दुरुस्त करणाऱ्यांनी पाहून सांगितले की आत जागाच उरलेली नाही. नवा आकडा लिहायला जागा नाही म्हणून यंत्र जुन्याच आकड्यावर थांबले आहे, आणि धोक्याची घंटाही त्याच्याबरोबर थांबली आहे. दोन वर्षांपूर्वी नवी प्रणाली बसवली तेव्हा जुनी 'असू दे, लागेल' म्हणून अख्खी आत ठेवली. शिवाय संगणकातल्याच कचरापेटीत मागच्या साहेबांच्या निरोप समारंभाचे चित्रीकरण पडून आहे. टाकलेले सामानही जागा अडवते, हे मला तेव्हा कळले. ते म्हणाले, "आजोबा, दहा मिनिटांचं काम आहे, पण आधी साहेबांची सही आणा. मागे एकाने न विचारता पुसलं, तो अजून घरी बसलाय."

म्हणून मी अर्ज केले. आवक लिपिकांकडून असे समजले की अर्ज स्कॅन झाल्याशिवाय क्रमांक पडत नाही, क्रमांकाशिवाय तो आपल्या टेबलावर येत नाही, आणि स्कॅन साठतात ते याच संगणकात. तिथे जागा नाही.

दि. २३ रोजी धीर सुटून मी बॉयलर स्वतःहून बंद केला. त्याबद्दल मला 'कारणे दाखवा' नोटीस आली. दाब योग्य असताना काम बंद पाडले, असा आरोप आहे आणि पुरावा म्हणून पडद्याचा फोटो जोडला आहे. त्यात ७.२ दिसते. साहेब, तो फोटो बॉयलर पूर्ण गार झाल्यावर, माझ्यासमोर काढलेला आहे.

दाबाची काचेची तबकडी गेल्या वर्षी बिघडली तेव्हा काढून नेली, पडद्यावर दिसतेच म्हणून नवी आली नाही. सुरक्षा झडप आहे, पण तिच्या तपासणीची तारीख हाच पडदा सांगतो, आणि त्याच्या लेखी अजून सतराच तारीख आहे, म्हणजे तपासणीचा दिवस उजाडतच नाही. पूर्वी मी कानाने ओळखायचो. आता डावा कान गेला आहे. शनिवारपासून टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरते, एवढेच मला दिसते.

बॉयलरच्या बरोबर वर इस्त्रीची खोली आहे. तिथे बारा बायका उभ्या असतात, त्यांतली एक माझी सूनबाई. तिला म्हटले, चार दिवस येऊ नकोस. ती म्हणाली, "बाबा, रजा संपल्यात. आणि घंटा वाजली नाही तर तुम्हालाच करमत नाही." बाकीच्या हसल्या. मीही हसलो, कारण भ्यालेला माणूस खाली बॉयलरपाशी बसला आहे हे त्यांना कळू नये. चौतीस वर्षांत मी असा भ्यालो नव्हतो.

तरी विनंती की जुनी प्रणाली व कचरापेटी पुसण्यास परवानगी द्यावी. निरोपाचे चित्रीकरण आधी दुसरीकडे काढून ठेवू. हा अर्ज कृपया स्कॅनला पाठवू नये. तो घेऊन मी स्वतः आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो आहे. खाली माझ्या जागी कोणी नाही. सविस्तर आदेश लिहायला वेळ नसेल तर समासात नुसते 'हो' लिहावे. तेवढे मला एका नजरेत वाचता येते.

आपल्या होकाराची वाट पाहणारा, नम्र,
(सही)
बॉयलर अटेंडंट, पहिली पाळी
दि. २८, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे

सोबत :
१. वहीची अकरा दिवसांची पाने
२. नोटीस व फोटो
३. पेन (चालते)